जुनाट दुखणे : समज, उपचार आणि आधार

आषाढात कोकणात भाताची लावणी सुरू झाली की स्त्री-पुरुष दिवसच्या दिवस चिखलात कमरेत वाकून काम करतात. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी बाहेर पडलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास फडात उतरतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत कोयता चालवितात, मोळ्या डोक्यावर वाहतात. विदर्भात कापूस वेचणाऱ्या स्त्रिया कमरेला ओटी बांधून तासन् तास पुढे झुकलेल्या असतात. अशा श्रमांत कंबर, पाठ, मान वा गुडघे दुखले तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. बहुतेकांचे दुखणे चार-आठ दिवसांत ओसरते. काहींचे मात्र हंगाम संपला तरी, वर्ष उलटले तरी राहते. मग ते ‘अंगावर काढले’ जाते. दुखणे अंगावर काढणे हा ग्रामीण जीवनात सहनशीलतेचा गुण समजला जातो. परंतु या सहनशीलतेची किंमत त्या व्यक्तीला, तिच्या कुटुंबाला आणि पर्यायाने गावाला मोजावी लागते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा एका उपक्रमांतर्गत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू किंवा हाडे यांच्या दुखण्याची तक्रार असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. असे असूनही ताप, हगवण किंवा क्षयरोग यांना जसे ‘आजार’ म्हणून मानले जाते, तसे जुनाट दुखण्याला अद्याप मानले जात नाही.

दुखण्याचे दोन प्रकार

दुखणे हा मुळात शरीराचा पहारेकरी आहे. पायात काटा रुतला की वेदना होते, म्हणून पाय मागे घेतला जातो. हाड मोडले की वेदनेमुळे तो अवयव स्थिर ठेवला जातो. ही तात्कालिक वेदना होय. इजा भरून आली की ती थांबते. परंतु तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना ही वेगळी बाब आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले असून, काही रुग्णांच्या बाबतीत वेदना हे दुसऱ्या रोगाचे लक्षण नसून तोच मूळ आजार असतो, हेही मान्य करण्यात आले आहे.

वेदनेविषयीची जुनी कल्पना सोपी होती. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने वेदनेची तुलना दोरीने वाजणाऱ्या घंटेशी केली होती. एका टोकाला दोरी ओढली की दुसऱ्या टोकाला घंटा वाजावी, तशी पायाला इजा झाली की मेंदूत वेदना उमटते, असे तो मानीत असे. जेवढी इजा तेवढी वेदना, हा त्याचा सरळ अर्थ. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी या कल्पनेला छेद दिला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते. इजेचा संदेश मेंदूकडे किती जावा हे ते दार ठरविते, आणि ते उघडण्या-मिटण्यावर इतर संवेदनांचा, तसेच मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही प्रभाव पडतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. पुढील संशोधनाने त्याच्या तपशिलात बदल झाले. पण वेदना घडविण्यात मज्जारज्जू आणि मेंदू यांचाही वाटा असतो, हे मूळ सूत्र टिकून राहिले.

याचा अनुभव प्रत्येक घरात येतो. मूल धडपडून गुडघ्यावर पडते, आई तो गुडघा चोळते आणि मुलाचे रडे थांबते. चोळण्याच्या स्पर्शाने वेदनेची वाट काहीशी रोखली जाते आणि आईच्या जवळ असण्याने भीती ओसरते. उलट झोप झालेली नसेल, मनात कर्जाची वा मुलीच्या लग्नाची चिंता असेल, तर तेच दुखणे दुप्पट जाणवते.

दुखणे दीर्घकाळ टिकले की मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. वाऱ्याच्या झुळकीनेही भुंकू लागलेल्या राखणीच्या कुत्र्यासारखी तिची अवस्था होते. चोर नसतो, पण भुंकणे मात्र खरे असते. जुनाट दुखण्यातील वेदनाही अशीच खरी असते. ती काल्पनिक नसते, ढोंगही नसते. मात्र प्रत्येक वेळी ती नव्या इजेची खूण असतेच असे नाही. ‘दुखते म्हणजे आत काहीतरी मोडते आहे’ ही भीती मनातून गेली की सुधारणेची वाट मोकळी होते.

‘मणक्यात गॅप’ची भीती

कंबरदुखीच्या रुग्णाला क्ष-किरण किंवा एमआरआय तपासणीनंतर ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ असे सांगितले जाते आणि तो माणूस जन्मभर वाकण्यास भितो. या संदर्भात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा उद्बोधक आहे. पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासण्यांचा त्यात विचार करण्यात आला. विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीतील ९६ टक्के निरोगी व्यक्तींच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या दिसून आल्या. वयानुसार केस पांढरे होतात, तशीच ही झीजही पुष्कळदा वयाची खूण असते. म्हणून केवळ छायाचित्रावरून रुग्णाचे भवितव्य ठरविणे योग्य नव्हे.

अर्थात काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच विलंब न लावता रुग्णास दवाखान्यात नेले पाहिजे. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे, पायातील शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे, दुखण्याबरोबर ताप येणे, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, उंचावरून पडल्यानंतर किंवा वृद्धापकाळी किरकोळ धक्क्यानंतर तीव्र वेदना सुरू होणे, या त्या खुणा होत. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो. म्हणून संध्याकाळचा बारीक ताप आणि वजनातील घट यांसह असलेल्या पाठदुखीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. एखादा सांधा सुजून गरम होत असेल किंवा सकाळी दीर्घकाळ आखडलेला राहत असेल, तर संधिवाताची तपासणी आवश्यक ठरते.

नेहमी घडणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे पूर्ण विश्रांती. दुखते म्हणून माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि पुढे थोड्या श्रमानेही अधिक दुखू लागते. दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे. बरे वाटलेल्या दिवशी साठलेली सगळी कामे एकदम उरकली जातात आणि त्यापुढचे तीन दिवस पडून राहावे लागते. या चढ-उताराच्या चक्रात दर खेपेस काम करण्याची शक्ती थोडी थोडी कमी होत जाते.

तिसरी चूक औषधांची. कंबर दुखली की ‘सुई मारून घेणे’ किंवा सलाईन लावणे, तसेच दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने घेणे, ही गावोगावची सवय आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या थोड्या काळासाठी, वैद्यकीय सल्ल्याने उपयुक्त असतात. परंतु त्यांच्या दीर्घ आणि अनिर्बंध सेवनाने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. उन्हात, पुरेसे पाणी न पिता कष्ट करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने आठवडाभर उभारी वाटते. पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते.

चौथी चूक सर्वांत महागाची, ती म्हणजे कारण न शोधता केलेली शस्त्रक्रिया. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ओटीपोटात व कमरेत दुखणे, अंगावरून जाणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येक स्त्रियांनी तरुण वयातच गर्भाशय गमावले होते. हंगामातील खाडा परवडत नाही, म्हणून दुखण्याचा कायमचा बंदोबस्त करण्याकडे कल होतो. अशा शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले जाईल याची दक्षता कुटुंबाने आणि आशा कार्यकर्तीने घेतली पाहिजे.

मोजून-मापून काम

मधुमेह पुष्कळदा समूळ जात नाही, पण काबूत ठेवता येतो. जुनाट दुखण्याचेही तसेच आहे. वेदना शून्यावर आणणे हे ध्येय ठेवले तर निराशाच पदरी येते. शेतावर जाता येणे, नातवाला कडेवर घेता येणे, बाजाराला पायी जाता येणे, अशी ध्येये ठेवली की प्रगती मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णाला दुखण्याची नीट समज देणे, व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार यांना महत्त्वाचे स्थान आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ताणणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा सर्रास वापर करू नये, असेही त्यांत सांगितले आहे.

कामाची मात्रा ठरविण्याची एक साधी रीत आहे. उदाहरणादाखल, एखादी शेतकरी स्त्री तीन दिवस खुरपणी करताना दुखणे वाढेपर्यंतचा वेळ पाहते. तो अनुक्रमे २५, १५ आणि २० मिनिटे भरतो. सरासरी २० मिनिटे झाली. तिने सुरुवात त्याहून कमी, म्हणजे १५ मिनिटांनी करावी. दुखो वा न दुखो, १५ मिनिटे झाली की उठावे, पाठ ताठ करून चार पावले चालावे, दुसरे काम करावे आणि मग पुन्हा बसावे. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढविली तर पाच आठवड्यांनी ती सलग २५ मिनिटे काम करू शकेल. यात थांबण्याची वेळ दुखण्याने ठरवावयाची नसून घड्याळाने ठरवावयाची असते. बऱ्या दिवशी अधिक करावयाचे नाही, हे पथ्य सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे आहे.

याच्या जोडीला नित्याचा व्यायाम हवा. शेतातील कष्ट म्हणजे व्यायाम हा समज अपुरा आहे. कष्टात तेच ते स्नायू ताणले जातात. सपाट रस्त्यावर रोज चालणे, पाठीवर झोपून गुडघे एकेक करून छातीकडे घेणे, खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच-दहा आकडे मोजेपर्यंत धरणे, हे व्यायाम बिनखर्चाचे आहेत. गुडघेदुखीत वजनाचाही विचार करावा लागतो. शरीराचे वजन एक किलोने कमी झाले तर चालताना दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. व्यायामाच्या प्रारंभी थोडे अधिक दुखणे स्वाभाविक आहे. ते दुसऱ्या दिवसापर्यंत निवळत असेल तर चिंतेचे कारण नाही.

झोपेची वेळ सांभाळणे, संथ दीर्घ श्वसन, भजन-हरिपाठात मन रमविणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळणे, यांनीही मज्जासंस्थेचा ताण उतरतो. एवढे करूनही अधूनमधून दुखणे उसळी घेईलच. तशा दिवसांसाठी आधीच बेत ठरवून ठेवावा. काम निम्मे करावे, पण पूर्ण बंद करू नये. शेक घ्यावा, डॉक्टरांनी सांगितलेले औषध ठरलेल्या मात्रेत घ्यावे आणि दोन-तीन दिवसांनी पूर्वीच्या क्रमावर यावे.

कर्करोगाची वेदना मात्र या नियमांना अपवाद आहे. तेथे मॉर्फिनसारखे औषध वेळेवर मिळणे हा रुग्णाचा हक्क समजला पाहिजे. अशी औषधे रुग्णांना सुलभतेने मिळावीत म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. व्यसनाच्या भीतीने अशा रुग्णास तळमळत ठेवणे अन्यायाचे आहे.

घर, शाळा आणि पंचायत

वेदना दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते; कंबरदुखीला तसा पुरावा नसतो. त्यामुळे ‘कामाच्या वेळीच कशी दुखते?’ असा टोमणा सुनेला ऐकावा लागतो, आणि ‘बापईगड्याने कण्हू नये’ म्हणून पुरुष गप्प राहतो किंवा दारूचा आधार घेतो. वेदनेच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारून घेतली. आपल्याला वेदना होते असे एखादी व्यक्ती सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असे त्या व्याख्येसोबतच्या टिपांत नमूद आहे. उपचाराची सुरुवात विश्वासाने होते, हेच यातून सूचित होते. मात्र विश्वास ठेवणे म्हणजे त्या व्यक्तीच्या हातातील सगळी कामे काढून घेणे नव्हे. तिला झेपेल तेवढे काम तिच्याकडे राहू देणे, हाच खरा आधार.

दीर्घकाळच्या दुखण्याबरोबर उदासीनता येते, कधी जीव नकोसा होतो. अशा वेळी १४४१६ या ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवेवर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावावा.

गावपातळीवर आणखी पुष्कळ करण्यासारखे आहे. उपकेंद्रांचे रूपांतर झालेल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये वृद्धांची काळजी आणि वेदनाशमनासह परिहारक सेवा यांचा समावेश करण्यात आला आहे. तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आठवड्यातून एक वेळ ठरवून पाठ-गुडघ्यांचे व्यायाम शिकविले, तर ग्रामसभेत त्याची दवंडी देता येईल. दाभोळीच्या नव्हे तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा म्हणून परिचित असलेला दातेरी ‘वैभव’ विळा, उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे यांसारखी श्रम हलके करणारी अवजारे बचत गटांमार्फत भाड्याने उपलब्ध करता येतील. पाण्याच्या टाकीजवळ हंडा ठेवण्यासाठी कमरेएवढ्या उंचीचा ओटा बांधला, तर जमिनीवरून भरलेला हंडा उचलण्याचा रोजचा झटका वाचेल. रास्त भाव दुकानाबाहेर आणि पंचायत कार्यालयात एक बाक असला, तर रांगेतील वृद्धाला ताटकळावे लागणार नाही. रोजगार हमीच्या कामावर माती उपसणे आणि टोपली वाहणे या कामांची आलटून-पालटून वाटणी करण्यास खर्च येत नाही.

शाळेतही ही समज रुजविता येते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. शिक्षकांनी महिन्यातून एकदा दप्तरे तोलून पाहिली आणि ओझे शरीराजवळ धरून, गुडघे वाकवून कसे उचलावे हे कवायतीच्या तासाला दाखविले, तर तो धडा मुलांबरोबर घरी जाईल.

जुनाट दुखण्यावर रामबाण औषध नाही. परंतु योग्य समज, मोजून केलेले श्रम, नियमित व्यायाम, जपून घेतलेले औषध आणि माणसांचा विश्वास या पाच गोष्टी एकत्र आल्या, तर अंथरुण धरलेला माणूस पुन्हा बांधावर उभा राहू शकतो. दुखणे अंगावर काढण्याची परंपरा मोडून ते वेळीच सांगण्याची आणि ऐकून घेण्याची रीत गावात पडली पाहिजे. ती पाडण्याचे काम ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, त्या शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी हाती घेतले, तर पुढच्या हंगामात आपले दुखणे उघडपणे सांगताना कोणाही कष्टकऱ्याला संकोच वाटणार नाही.